डॉलर चढला, सोयाबीन का नाही? लातूरच्या २०२४ च्या हंगामाचं प्रकरण

२०२४ च्या खरिपात लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव हमीभावाच्या वर टिकलाच नाही. केंद्र सरकारने हमीभाव ठरवला होता क्विंटलला ४,८९२ रुपये. दिवाळीनंतर आवक भरात आली तेव्हा बरेचसे सौदे चार ते साडेचार हजारांच्या घरात होत होते, आणि ओला, डागी माल त्याच्याही खाली जात होता. हमीभाव केंद्रांवर १२ टक्के ओलाव्याची अट होती. ती नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली. पण मुलांची फी, मजुरी आणि रब्बीचं बियाणं अंगावर आलेल्या माणसाने तोवर माल आडतीवर, म्हणजे दलालाच्या दुकानात, टाकलेला होता.

याच काळात दोन गोष्टी अशा घडल्या होत्या, की भाव वर जायला हवा होता. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं. आणि ऑक्टोबरात डॉलर पहिल्यांदा ८४ रुपयांच्या वर बंद झाला. डिसेंबरात तो ८५ च्या पुढे सरकला.

औसा तालुक्यातले, पाच एकर सोयाबीन करणारे एक शेतकरी हिशोबपट्टीची वाट बघत आडतीच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "सर, रोज टीव्हीवर सांगायलेत की रुपया पडला. तेल बाहेरून येतंय, डॉलरनं येतंय. म्हंजे बाहेरचं तेल महाग झालं. वरून सरकारनं टॅक्स लावला. मग आमच्या मालाला भाव का न्हाई?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आयात होणारी वस्तू डॉलरमध्ये येत असेल, तर रुपया घसरल्यावर ती महागते आणि तीच वस्तू घरी पिकवणाऱ्याला त्याचा फायदा होतो, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. तरीही लातुरात तसं घडलं नाही. का घडलं नाही, याचा हा हिशेब.

क्विंटलमध्ये दोन माल

तेल गिरणीवाला सोयाबीन विकत घेतो तेव्हा तो दोन वेगळे माल विकत घेत असतो. क्विंटलमागे साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड, म्हणजे बाजारातली डीओसी. उरलेलं घट आणि ओलाव्यात जातं. सकाळी प्लांटचा, म्हणजे तेल गिरणीचा, जो भाव फुटतो आणि ज्याच्या आधाराने बाजार समितीतला सौदा होतो, तो या दोन मालांच्या किमतीवरून उलटा मोजत आणलेला असतो. त्यातून गाळप, वाहतूक, आडत आणि गिरणीचा नफा वजा होतो.

हे दोन्ही माल डॉलरला बांधलेले आहेत, पण वेगवेगळ्या दोरांनी. तेलाचं नातं आयातीशी आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. त्यामुळे लातूरच्या तेलाला जास्तीत जास्त तेवढाच भाव मिळतो, जेवढ्यात बंदरावर उतरलेलं परदेशी तेल शुल्क भरून पडतं. पेंडीचं नातं निर्यातीशी. देशातल्या कोंबड्यांनी खाऊन उरलेली पेंड बांगलादेश, नेपाळ आणि युरोपात जाते. तिथे अर्जेंटिनाची पेंड जो भाव सांगते, त्याच्या फार वर आपल्याला जाता येत नाही. आपली पेंड जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याची असल्याने थोडे जास्त पैसे मिळतात, पण त्यालाही मर्यादा आहे.

आता हिशेब मांडू. आकडे त्या हंगामाच्या आसपासचे घेतले आहेत, गणित डोक्यात राहावं म्हणून गोल केलेले. बंदरावर कच्चं सोयाबीन तेल टनाला १,१०० डॉलर, पेंड टनाला ३३० डॉलर आणि डॉलर साडेचौऱ्याऐंशी रुपयांना धरू.

तेल: १,१०० डॉलरचे झाले ९२,९५० रुपये. त्यावर साडेसत्तावीस टक्के शुल्क चढवलं की टनाला सुमारे १,१८,५०० रुपये, म्हणजे किलोला ११८ रुपये ५० पैसे. १८ किलोचे २,१३३ रुपये.

पेंड: ३३० डॉलरचे २७,८८५ रुपये, किलोला जवळपास २८. ८० किलोचे २,२३१ रुपये.

बेरीज ४,३६४ रुपये. यातून गिरणीचा खर्च वजा करा, आपल्या पेंडीला मिळणारे जास्तीचे थोडे पैसे मिळवा, आणि लातूरचा भाव चार ते साडेचार हजारांत का घुटमळत होता ते समोर येतं. लातूरमधल्या कुणा एकाने संगनमत करून हा भाव पाडला, असं मानायची गरज उरत नाही. मापात, ओलाव्यात आणि कटतीत, म्हणजे वजन कापण्यात, शेतकऱ्याचं जे नुकसान होतं ते खरंच आहे आणि त्यावर स्वतंत्र भांडलं पाहिजे. पण भावाचा पाया लातुरात ठरत नाही.

एका रुपयाची किंमत ५२ रुपये

वरच्या हिशेबातून एक उपयोगी आकडा निघतो. ४,३६४ ला साडेचौऱ्याऐंशीने भागलं की ५२ येतात. म्हणजे बाकी सगळं स्थिर राहून डॉलर एक रुपयाने महागला, तर लातूरच्या क्विंटलमागे साधारण ५२ रुपये वाढायला हवेत.

२०२४ च्या सुरुवातीला डॉलर ८३ रुपये २० पैशांच्या आसपास होता. हंगामात तो साडेचौऱ्याऐंशीवर धरला, तर रुपयाची घसरण झाली १ रुपया ३० पैशांची. तिचं मोल क्विंटलला सत्तरच्या आत. वर्षभर बातम्यांमध्ये 'रुपयाची ऐतिहासिक घसरण' गाजली, आणि पाच एकरांत पंचवीस-तीस क्विंटल पिकवणाऱ्याच्या खिशाशी तिचा संबंध जास्तीत जास्त दोन हजार रुपयांचा होता.

शुल्क मोठं होतं. साडेपाचवरून साडेसत्तावीस, म्हणजे २२ टक्क्यांची वाढ. ९२,९५० चे २२ टक्के म्हणजे किलोमागे २० रुपये ४५ पैसे. १८ किलोचे ३६८ रुपये. शुल्क वाढवून सरकारने सोयाबीनवाल्याला जे देऊ केलं, ते डॉलर एकदम सात रुपयांनी वर जाण्याइतकं होतं. सप्टेंबरच्या त्या घोषणेनंतर बाजार काही दिवस उसळला तो यामुळेच.

मग पेंड आडवी आली. शिकागोच्या वायदे बाजारात, जिथे पुढच्या महिन्यांच्या मालाचे सौदे आजच होतात, सोयापेंड अमेरिकी लहान टनाला, म्हणजे ९०७ किलोला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ३४० डॉलरच्या आसपास होती आणि डिसेंबरात ३०० च्या खाली गेली. आपल्या टनात हा फरक ५० डॉलरच्या घरात जातो. ५० डॉलर म्हणजे किलोमागे सव्वाचार रुपये, आणि ८० किलोचे ३३८. शुल्काने दिलेले ३६८ पेंडीने जवळजवळ सगळेच परत नेले. देशातही पेंडीला नवा स्पर्धक आला होता: मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. कोंबडीखाद्यवाल्यांना तो स्वस्त पडत होता, म्हणून त्यांनी सोयापेंडीची खरेदी आखडली.

यातली बोचणारी बाजू अशी की शुल्कवाढीचा तेलाकडचा परिणाम दुकानात पुरेपूर पोहोचला. सणाच्या तोंडावर तेलाचा डबा महागला. औशाच्या त्या घरात सोयाबीन पडत्या भावाने गेलं आणि सोयाबीनचंच तेल चढ्या भावाने आलं.

रुपया कुणासमोर पडला?

आता प्रश्न असा, की पेंड आणि सोयाबीन डॉलरमध्ये इतके स्वस्त का झाले? पीक भरपूर आलं हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं ब्राझीलच्या चलनात आहे, आणि या प्रकरणाचा गाभा माझ्या मते तिथेच आहे.

शिकागोला सोयाबीनचा भाव बुशेलवर सांगतात. एक बुशेल म्हणजे २७.२ किलो. २०२४ च्या जानेवारीत भाव साडेबारा डॉलरच्या आसपास होता, वर्षअखेरीस दहाच्या आसपास. डॉलरमध्ये पाहिलं तर पाचवा हिस्सा गेला. एवढी पडझड झाल्यावर शेतकरी हात आखडतील, माल धरून ठेवतील, पेरा कमी करतील, अशी अपेक्षा असते.

ब्राझीलमध्ये मात्र हा भाव तिथल्या शेतकऱ्याच्या हातात रियालमध्ये पडतो. जानेवारीत एका डॉलरला ४.९ रियाल मिळत होते, डिसेंबरात ६.१. साडेबारा गुणिले ४.९ म्हणजे ६१ रियाल. दहा गुणिले ६.१ म्हणजेही ६१ रियाल. डॉलरमध्ये भाव २० टक्के पडूनही मातो ग्रोसो या तिथल्या राज्यातल्या शेतकऱ्याला ती पडझड घरात जाणवलीच नाही. त्याने पेरा कमी करायचं काही कारण नव्हतं. पुढच्या हंगामात ब्राझीलने सुमारे १७ कोटी टनांचं विक्रमी पीक काढलं. आपल्या देशाचं पीक सव्वा ते दीड कोटी टनांचं.

हाच गुणाकार आपल्याकडे करा. साडेबारा गुणिले ८३ म्हणजे १,०३७ रुपये. दहा गुणिले ८५ म्हणजे ८५० रुपये. आपल्या बाजूला १८ टक्क्यांचा खड्डा. जगातली तीच पडझड ब्राझीलच्या चलनाने शोषून घेतली आणि रुपयाने शेतकऱ्याच्या अंगावर जशीच्या तशी येऊ दिली.

म्हणून औशाच्या प्रश्नाचं खरं उत्तर उलट्या दिशेला आहे. रुपया पडला तो डॉलरसमोर, तोही थोडा. ज्या देशाशी आपल्या पेंडीची स्पर्धा आहे त्याच्या चलनासमोर रुपया चढला. २०२३ च्या अखेरीस एका रियालला सतरा रुपये पडत होते. वर्षभरानंतर चौदाच्या आत. अर्जेंटिनात याहून मोठा धक्का बसला. १० डिसेंबर २०२३ ला हावियेर मिलेई राष्ट्राध्यक्ष झाले आणि दोनच दिवसांनी सरकारी दराने डॉलर ३६६ पेसोंवरून ८०० वर नेण्यात आला. तिथे महागाईही प्रचंड असल्याने हा फायदा शेतकऱ्याजवळ फार टिकला नाही, पण त्याआधी कृत्रिम दराने विकायला नको म्हणून साठवलेला माल बाहेर पडायला वाट झाली. सोयाबीनचं तेल आणि पेंड निर्यात करणाऱ्यांत अर्जेंटिना जगात पहिला आहे, त्यामुळे तिथली हालचाल लातूरपर्यंत यायला वेळ लागत नाही.

रिझर्व्ह बँक रुपयाचं मोल ४० व्यापारी देशांच्या चलनांच्या टोपलीशी, महागाईचा फरक धरून, मोजते आणि दर महिन्याला प्रसिद्ध करते. हा निर्देशांक १०० च्या वर असला तर रुपया पायाभूत वर्षाच्या तुलनेत महाग. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो १०८ च्या वर होता. ज्या महिन्यात वर्तमानपत्रं रुपयाच्या नीचांकाबद्दल लिहीत होती, त्याच महिन्यात सगळ्या व्यापारी भागीदारांच्या तुलनेत रुपया फार महाग होता. रुपया डॉलरसमोर फार हलू नये म्हणून रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती. सप्टेंबरअखेर परकीय गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती. डिसेंबरअखेर ती ६४० अब्जांच्या आसपास आली. त्यातली काही घट इतर चलनांच्या किमती बदलल्यामुळे, पण मोठा वाटा या विक्रीचा.

रुपया मुद्दाम पाडा असं मी म्हणत नाही. खनिज तेल, पोटॅश आणि डीएपीचा मोठा हिस्सा आपण डॉलर मोजूनच आणतो. डीएपीची पिशवी सरकारी अनुदानामुळे १,३५० रुपयांत मिळते, पण रुपया घसरला की अनुदानाचं ओझं वाढतं, आयातदार हात आखडतात आणि डीएपीसाठी कृषी सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. त्या रब्बीत मराठवाड्याने त्या पाहिल्या आहेत. स्थिर रुपयाने देशाला फायदा होतो हे मान्य. पण त्या स्थैर्याची किंमत कुणी भरली याची नोंद व्हायला हवी. २०२४ मध्ये ती भरणाऱ्यांत लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोलीचा सोयाबीनवाला होता. ज्यांना स्थिर रुपयाचा फायदा झाला त्यांच्या यादीत तो जवळजवळ नव्हता.

सौदा डॉलरमध्येच का?

लातूर परिसरातली एखादी गिरणी ढाक्याच्या कोंबडीखाद्य कारखान्याला पेंड विकते. विकणारा रुपयात जगतो, घेणारा टाका या बांगलादेशी चलनात. दोघांच्या मध्ये अमेरिका कुठेच नाही. तरी करार डॉलरमध्ये होतो.

याचं साधं कारण तुलना. ढाक्याच्या खरेदीदारासमोर त्याच सकाळी अर्जेंटिनाचा आणि ब्राझीलचा भाव डॉलरमध्ये आलेला असतो. लातूरवाल्याने रुपयात भाव दिला, तर खरेदीदाराला आधी तो डॉलरमध्ये बदलावा लागतो, आणि करार ते पेमेंटपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत रुपया हलला तर आपण इतरांपेक्षा महागात घेतलं, ही भीती त्याच्या मनात राहते. सगळे ज्या चलनात बोलतात त्यात न बोलणारा विक्रेता यादीत मागे पडतो. अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ यांनी २०१५ मध्ये हे आकड्यांनी दाखवलं: भारताच्या आयातीपैकी जेमतेम ५ टक्के अमेरिकेतून येत असताना ८६ टक्के आयातीची बिलं डॉलरमध्ये होती. निर्यातीतही ८६ टक्के बिलं डॉलरची, आणि अमेरिकेत जाणारा माल मात्र १५ टक्के.

याचे परिणाम दोन्ही टोकांना दिसतात. २०२२ च्या सुरुवातीला बांगलादेशात डॉलर ८६ टाक्यांना होता. मे २०२४ मध्ये एका निर्णयात तो ११० वरून ११७ वर नेण्यात आला, आणि वर्षअखेरीस १२० च्या आसपास होता. लातूरच्या गिरणीने डॉलरमधला भाव एका सेंटनेही वाढवला नाही, तरी ढाक्यात तीच पेंड जवळपास ४० टक्के महाग झाली. त्यात तिथल्या बँकांकडे डॉलरची चणचण; एलसी, म्हणजे पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र, उघडायलाच आठवडे लागत. खरेदीदार आटला, याचं मूळ रुपया आणि टाक्याच्या नात्यात शोधून सापडणार नाही.

दुसरं टोक आपलं. समजा, ऑगस्टात गिरणीने करार केला आणि पैसे नोव्हेंबरात आले. मधल्या काळात रुपया घसरला, तर जादा रुपये गिरणीला मिळतात. माल आधीच खरेदी झालेला असतो, शेतकऱ्याची पट्टी फाडून झालेली असते. हा फायदा शेतकऱ्यापर्यंत यायचा तर पुढच्या करारातून यायला हवा. पण पुढच्या कराराच्या वेळी परदेशी खरेदीदारही बातम्या वाचत असतो. 'तुमचा रुपया पडला, तर भावात सूट द्या,' असं तो थेट म्हणतो, आणि माल विकायची घाई असलेला विक्रेता ती देतो. रुपयाच्या घसरणीचा लाभ असा वाटेत दोन ठिकाणी झिरपतो.

मग सौदा रुपयातच का करू नये? तो करून पाहिलेला आहे, आणि त्यात सोयापेंडच होती. इराणवर निर्बंध असताना २०१२ पासून भारत इराणच्या खनिज तेलाचे काही पैसे कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत जमा करत असे. इराण त्याच रुपयांतून आपल्याकडून बासमती, चहा, औषधं आणि सोयापेंड घेई. व्यवहार उत्तम चालला, कारण खरेदीदाराकडे खर्च करायला रुपये होते. मे २०१९ मध्ये अमेरिकेची सवलत संपली, भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं, आणि खात्यात नवे रुपये यायचे बंद झाले. शिल्लक आटत गेली तशी इराणची खरेदीही.

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कुठल्याही देशाशी रुपयात व्यापार करता यावा म्हणून विशेष व्होस्ट्रो खात्यांची, म्हणजे परदेशी बँकांच्या भारतातल्या रुपया खात्यांची, सोय केली. जुलै २०२३ मध्ये बांगलादेशाशी रुपयातला व्यापार सुरूही झाला. पण बांगलादेश आपल्याला विकतो दोन अब्ज डॉलरच्या आसपासचा माल आणि आपल्याकडून घेतो त्याच्या कितीतरी पट. त्याच्या हाती रुपये येणार तरी कुठून? रुपयातला सौदा हवा असेल, तर समोरच्या देशाकडून आपण पुरेसं काही विकत घेत असलं पाहिजे. इराणकडून घेत होतो, बांगलादेशाकडून तेवढं घेत नाही. या अटीशिवाय रुपयाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाची भाषणं लातूरच्या पेंडीला गिऱ्हाईक मिळवून देणार नाहीत.

धोका कुणाच्या पदरात

गिरणीवाला हातावर हात ठेवून बसत नाही. पुढे मिळणारे डॉलर तो आजच बँकेला ठरलेल्या दराने विकून टाकतो, हा फॉरवर्ड. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असल्याने निर्यातदाराला वर थोडा प्रीमियमही मिळतो, त्या काळात तो वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास होता. तेल आयात करणारा तोच प्रीमियम भरतो आणि निश्चिंत होतो. परदेशी व्यापारी शिकागोत भाव बांधून घेतो.

शेतकऱ्यासाठी यातलं काहीच उपलब्ध नव्हतं. देशातला सोयाबीनचा वायदा सेबी या बाजार नियामकाने २० डिसेंबर २०२१ ला बंद केला आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. वायद्यात सट्टा होतो, आणि मराठवाड्यातला लहान शेतकरी स्वतः वायदा करायचा नाही, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. तरी शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तो वापरायला नुकतीच सुरुवात केली होती, आणि पेरणीच्या वेळी काढणीचा अंदाजे भाव निदान फळ्यावर दिसत होता. बंदीनंतर तोही दिसेनासा झाला. ज्याच्या मालाचा भाव सर्वांत जास्त चलनांवर अवलंबून, त्याच्याच हातातलं एकमेव साधन काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं.

रुपयावरच सगळं अवलंबून नसतं याचा सर्वांत मोठा पुरावा मराठवाड्याच्या आठवणीत आहे. २०२१ च्या ऑगस्टात याच बाजारात सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. तेव्हा डॉलर ७४ रुपयांना होता. तीन वर्षांत रुपया १३-१४ टक्क्यांनी घसरला आणि सोयाबीन निम्म्याहून खाली आलं. २०२१ मध्ये जगभर भाव चढे होते, देशात पेंडीचा तुटवडा होता, आणि सरकारने कुक्कुटपालकांसाठी जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिल्यावर तो भाव नव्या हंगामाच्या तोंडावरच उतरला. दहा हजारांच्या आशेने पुढची दोन वर्षं घरात माल ठेवणारे अनेक जण माझ्या पाहण्यात आहेत. ते डॉलरकडे बघत राहिले, आणि भाव ठरत होता डॉलरमधल्या किमतीने, रियालने आणि दिल्लीच्या शुल्काने.

पुढचा हंगाम, त्याच मापाने

३० मे २०२५ ला सरकारने कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क साडेसत्तावीसवरून साडेसोळा टक्के केलं. मृग तोंडावर, बियाण्याच्या पिशव्या घरात, आणि पेरणीचा निर्णय फिरवता येणार नाही अशी वेळ. वरच्या हिशेबाने मोजलं तर ११ टक्क्यांची ही कपात क्विंटलमागे १८४ रुपये घेऊन गेली; डॉलर साडेतीन रुपयांनी उतरल्यासारखंच. शुल्क कधी वाढवायचं, कधी घटवायचं हा सरकारचा अधिकार आहे, पण तो एप्रिलअखेर ठरवून काढणी संपेपर्यंत बदलू नये, एवढी मागणी मराठवाड्यातल्या बाजार समित्यांनी आणि आमदारांनी लावून धरायला काय हरकत आहे?

त्यानंतर रुपया खरोखर घसरला, आणि या वेळी इतर चलनांसमोरही. वर्षाच्या उत्तरार्धात रिझर्व्ह बँकेचा तो निर्देशांक १०० च्या खाली आला आणि डिसेंबरात डॉलर ९० रुपयांच्या वर गेला. रियाल उलट सावरला होता. आपल्या हिशेबातल्या साडेचौऱ्याऐंशीपासून धरलं तर साडेपाच रुपयांची घसरण, क्विंटलमागे २८६ रुपये. त्यातून शुल्ककपातीचे १८४ वजा केले की हाती राहतात १०२. सप्टेंबरात अर्जेंटिनाने धान्यावरचा निर्यात कर काही दिवसांपुरता शून्यावर आणला आणि भारतीय आयातदारांनीही तिथलं सोयाबीन तेल मोठ्या प्रमाणावर उचललं. तो दाब या १०२ मध्ये धरलेला नाही. हमीभाव त्याच हंगामासाठी ४३६ रुपयांनी वाढून ५,३२८ झाला होता. २०२४ मध्ये जी दरी होती, ती डॉलर ९० वर जाऊनही, या हिशेबाने, क्विंटलमागे तीनशेहून जास्त रुपयांनी रुंदावली.